बदल्यात काय घ्याल?

चैत्र लागला की आमच्या कॉलनीच्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर कुरडया दिसू लागतात. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरची निवळ ओतून टाकायची आणि पहाटे उठून हिंग-मीठ घालून शिजवायचा. सोऱ्या दाबून दाबून दंड भरून येतात. एवढं करून झालेल्या कुरडईची किंमत काय, असं करणारीला विचारलं तर ती गप्प होते. जास्त सांगावी तर संकोच, कमी सांगावी तर जिवावर येतं. पण तिलाच विचारा, "याच्या बदल्यात काय घ्याल?" उत्तर तयार असतं. "साखरांबा असेल तर द्या. माझा पाक दरवेळी पुढे जातो."

याच प्रश्नावर आमचा अदलाबदलीचा गट चालतो. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या पडतात. नियम मोजकेच: वस्तू घरी केलेली हवी, पैशाचं पाकीट बाहेर काढायचं नाही आणि नको असेल तर मोकळेपणी नको म्हणायचं. सतरंजीवर काय नसतं! भाजणी, मेतकूट, लिंबाचं उपासाचं लोणचं, रत्नागिरीहून आलेल्या रातांब्यांची आमसुलं, कातलेल्या सुपारीचे डबे, बाळंतविड्यातली झबली-टोपडी. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करून आणतात, आणि गुलाब लावणाऱ्या बायका त्यांच्याभोवती सर्वांत आधी गोळा होतात. काकांना त्या खताचे पैसे कुणी देऊ केले असते, तर मला वाटतं, ते पुन्हा आलेच नसते. ते आता मेतकूट नेतात आणि पुढच्या रविवारी येऊन सांगतात, की यावेळी मेथी किंचित जास्त भाजली गेली होती. मेतकूट करणारी ते मनावर घेते. डाळी, तांदूळ, गहू, मेथी, मोहरी, सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजायचं असतं. एकाची जरा घाई झाली की सगळ्या डब्याला कडसर वास लागतो. तिचं मेतकूट इतक्या बारकाईनं चाखणारा माणूस तिला दुकानात कुठून मिळाला असता?

हिशेब मात्र कधीच काटेकोर बसत नाही. गोधडी शिवायला महिना जातो, लोणच्याची बरणी दोन दुपारींत भरते. मग गोधडीवालीला आज लोणचं मिळतं, दिवाळीत चकल्या मिळतात, मधेच कुणीतरी तिच्या नातीचा फ्रॉक शिवून देतं. कुणाचं तरी कुणाकडे थोडं येणं राहतंच. ते राहिलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं. चुकतं केलं की निरोप घेता येतो. येणं असलं की पुन्हा दार वाजवावं लागतं. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, त्यामागेही हेच असणार.

पण ही ये-जा ओळखीच्या पल्ल्यापर्यंतच नीट चालते. अर्जेंटिनात ब्यूनोस आयरेसजवळ बेर्नाल नावाचं गाव आहे. तिथे १ मे १९९५ रोजी काही शेजाऱ्यांनी असाच गट सुरू केला होता. कारखाने बंद पडत होते, हातांत कसब होतं आणि खिशात पैसा नव्हता. कुणी पाव भाजून आणी, कुणी विणलेले स्वेटर, कुणी एम्पानाडा, म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचा, आत खिमा भरलेला पदार्थ. सुरुवातीला देणं-घेणं वहीत टिपत. गट वाढले तेव्हा ‘क्रेडिटो’ नावाच्या चिठ्ठ्या छापल्या. २००१ च्या डिसेंबरात सरकारनं बँकांतून पैसे काढण्यावर बंधनं घातली आणि लाखो माणसं या बाजारांत आली. कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. पुढे बनावट चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला, माल कमी आणि चिठ्ठ्या फार अशी गत झाली, आणि बहुतेक गट कोसळले. वहीत शेजारणीचं नाव होतं. चिठ्ठीवर कुणाचंच नव्हतं. त्या माणसांविषयी वाचताना मला फार आदर वाटतो. बाजारानं ज्यांना नको म्हटलं, त्यांनी एकमेकांना हवं म्हटलं होतं.

नुसती ओळख असली म्हणजे झालं, असंही नाही. आपल्या गावगाड्यात सगळे सगळ्यांना ओळखत होते. खळ्यावर रास पडली की सुताराला, लोहाराला, कुंभाराला धान्य मिळे, पैशाचा संबंध नसे. याचे गोडवे गाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. त्याच गावात महारानं निरोप घेऊन रानोमाळ धावायचं, मेलेली ढोरं ओढायची, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. आणि पदरात काय पडेल ते देणारा ठरवणार. ‘नको’ म्हणण्याची सोय त्याला नव्हती. दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली आलं, ते वाचल्यावर खळ्यावरची ती रास पूर्वीसारखी दिसत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात, याच कामांना बांधलेल्या महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. गाव सोडून शहरात गेलेल्या त्या माणसांना गिरणीतला रोख पगार किती मोलाचा वाटला असेल! त्या नोटेवर कुणाचे उपकार नव्हते.

म्हणून आमच्या गटात वॉचमनची बायको पहिल्यांदा आली, तेव्हा मी जरा धास्तावले होते. ती बार्शीकडची. तिनं शेंगाचटणी आणली होती, मिक्सरवर न फिरवता उखळात कुटलेली. शेंगदाण्यांना तेल सुटून तिखट त्यात मुरलेलं, लसूण कुठे दिसत नव्हता पण घासाघासाला होता. चव घेताच चार हात पुढे आले. एकीनं मायेनंच म्हटलं, "थांब हं, वर मुलीचे चांगले ड्रेस आहेत, दोनदाच घातलेले, आणून देते."

"कापडं नकोत ताई," ती म्हणाली. "गोडा मसाला तुमचाच ना? ह्या महिन्यात केलेला असंल तर त्यो द्या. अन् डब्याला डबा द्या, माझा मोठा हाय."

मसाला करणारी उठली, वर गेली आणि मोठा डबा शोधून घेऊन आली.