दप्तराला जयभीम : फॅन की अनुयायी?



गेली चार वर्षे मी नांदेडला घरच्या घरी रेझिनच्या वस्तू बनवते. किचेन, पुस्तकात ठेवायच्या खुणा, टेबलावरच्या लहान फ्रेम. लातूरला नीटच्या क्लाससाठी राहणाऱ्या मुली बीटीएस आणि नारुटो मागतात. मार्च लागला की मात्र एकच मागणी असते : निळ्या रंगात जयभीम, अशोकचक्र, बाबासाहेबांचा चेहरा. यावर आपल्याच चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात, "ही पोरं बाबासाहेबांची फॅन झाली. चावीला लटकवायचंच काय ते राहिलं होतं!"

या टीकेत तथ्य आहे, ते आधी मान्य करू. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कडाडून हल्ला चढवला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले, की राजकारणातली भक्ती देशाला हुकूमशाहीच्या वाटेवर नेते. फॅन हा भक्ताचाच नवा अवतार. फॅनला प्रतिमा पुरते, अनुयायाला विचार लागतो. डीजेपुढे नाचणारा आणि वर्षभर एक पुस्तक न उघडणारा तरुण फॅनच आहे, मग त्याच्याकडे किचेन असो वा नसो.

पण ही टीका अर्धीच आहे. बीटीएसचे किचेन दप्तराला लावले म्हणून मराठवाड्यात कोणाचा जीव जात नाही. आपल्या खुणेचे तसे नाही. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपला एक भाऊ मारला गेला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. विद्यापीठाला फक्त एक नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढावे लागले, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना प्राण द्यावे लागले. अशा भूमीत एखादी मुलगी वर्गात सगळ्यांसमोर दप्तराला जयभीम लावते, तेव्हा ती नुसती हौस नसते. ती सांगते की मी लपणार नाही.

आता कामाविषयी. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या मापातच घ्यावे लागते, अंदाज चालत नाही. माप चुकले तर वस्तू चिकट राहते. जोरात ढवळले की बुडबुडे धरतात. चकाकी लगेच टाकली तर तळाशी बसते, म्हणून मिश्रण जरा दाट होऊ द्यायचे. साच्याचा तळ म्हणजे वस्तूची दर्शनी बाजू, त्यामुळे साच्यात अक्षरे उलटी असतात. एप्रिलच्या उन्हात कपातले मिश्रण तापून लवकर आवळते, पावसाळ्यात वर धुरकट थर येतो. हातमोजे आणि योग्य मास्क लागतो, खोलीला खिडकी लागते. एका खोलीत पाच माणसे राहतात अशा घरात हे काम करू नये, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

आणि खरा प्रश्न इथेच आहे. जयंती जवळ आली की एखादे मंडळ पन्नास स्मृतिचिन्हे मागते आणि पैशाचे विचारले की म्हणते, "ताई, समाजाचं काम आहे!" मंडपवाला पैसे घेतो, डीजेवाला आगाऊ घेतो. समाजकार्य फक्त पोरीच्या हाताला चिकटते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते कशासाठी? रात्रंदिवस राबायचे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, ही गुलामी संपावी म्हणून. आपल्या आज्यांनी बलुत्यात हे भोगले. मग आपणच आपल्या मुलींना नव्या बलुत्यात का जुंपतो?

आपल्याला जातीने काम दिले, ते निवडायची मुभा कधी दिली नाही. आज एखादी मुलगी स्वतः निवडून एक कला शिकते, स्वतः भाव ठरवते, त्या पैशातून फॉर्मची फी भरते. ही गोष्ट बाबासाहेबांच्या विचाराबाहेरची नाही.

म्हणून दोन गोष्टी करू. बनवणाऱ्यांनी चेहऱ्यासोबत एक तारीख घालावी : २० मार्च १९२७, २५ डिसेंबर १९२७, १४ ऑक्टोबर १९५६. वर्गातली मैत्रीण "ही तारीख कसली गं?" असे विचारेल, आणि उत्तर द्यायचे तर चवदार तळे, मनुस्मृतिदहन, धम्मदीक्षा हे आधी स्वतः वाचावे लागेल. तिथे फॅन संपतो आणि अनुयायी सुरू होतो. आणि मंडळांनी येत्या जयंतीच्या खर्चात डीजेच्या आधी कारागीर मुलींचे पैसे लिहावेत.

जय भीम! जय संविधान!