हस्त नक्षत्राच्या कडेला

गेल्या चैत्र अमावास्येला आम्ही इंदूरहून उज्जैनला गेलो. आमच्या घरच्या पंचांगात ती चैत्राची अमावास्या. वाटेत चहाला थांबलो तेथील दुकानदार तिला वैशाखाची म्हणत होता. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही आम्ही घरातले महिने बदललेले नाहीत. रात्र मात्र दोघांची एकच, आणि आम्हांला काळोखच हवा होता.

सोबत आमच्या 82 वर्षांच्या आत्या होत्या. दिवस मावळण्यापूर्वी क्षिप्रेकाठची वेधशाळा पाहिली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती उभारली आणि 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांशी उभ्या राहून आत्या म्हणाल्या, “मला आज हस्त दाखवा. लहानपणी त्याच्या नावाने हादग्याचा फेर धरला, पाटावर हत्ती काढला; पण नक्षत्र कधी पाहिलेच नाही.”

पाहणार तरी कसे? हादगा मांडतात तेव्हा सूर्यच हस्तात असतो आणि ते नक्षत्र दिवसा उगवून दिवसाच मावळते. त्याच्या दर्शनाचा काळ चैत्र-वैशाखाचा.

शहराच्या उत्तरेला एका परिचितांचे शेत आहे. तेथे आमचे भौतिकशास्त्र शिकविणारे स्नेही आपली दहा इंची दुर्बीण घेऊन आले होते. दहाच्या सुमारास दक्षिणेकडे हाताच्या बोटांसारखे पाच तारे स्पष्ट दिसू लागले. आत्यांनी नकळत हात जोडले. स्नेह्यांनी दुर्बीण त्यांतील वरच्या उजव्या ताऱ्याच्या किंचित पश्चिमेला वळविली आणि म्हणाले, “आत्याबाई, आता इकडे पाहा.”

दिसला तो स्वल्पविरामासारखा वाकलेला, फिकट धुरकट ठिपका. विल्यम हर्शेलने 1785 मध्ये इंग्लंडमधून तो प्रथम पाहिला. वस्तुतः त्या दोन दीर्घिका आहेत, एकमेकींत शिरणाऱ्या. त्यांच्यामागे ताऱ्यांचे दोन लांब, वक्र पट्टे पसरलेले आहेत. ते छायाचित्रातच दिसतात. कीटकाच्या मिशांसारखे, म्हणून या जोडीला अँटेना दीर्घिका असे नाव पडले. परस्परांच्या गुरुत्वाकर्षणानेच असे पट्टे ओढले जातात, हे 1972 मध्ये अलार आणि युरी तूम्रे या बंधूंनी संगणकावर दाखवून दिले.

“मग आतले तारे आपटून फुटत असतील,” आत्या म्हणाल्या. तसे जवळजवळ घडतच नाही. सूर्य म्हणजे राजवाड्यासमोर ठेवलेला मोहरीचा दाणा मानला, तर त्याचा सर्वांत जवळचा शेजारी दाणा उज्जैनला ठेवावा लागेल. असे विरळ तारे एकमेकांना न शिवता निघून जातात. भिडतात ते वायूचे अवाढव्य मेघ. ते दाबले जातात, स्वतःच्याच भाराने कोसळतात, तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून ताऱ्यांचे थवे जन्मतात. हबल दुर्बिणीने या जोडीत असे हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ टिपले, हे 1997 मध्ये जाहीर झाले. चिलीतील आल्मा वेधशाळेने 2011 मध्ये आपले पहिले चित्र प्रसिद्ध केले तेही याच जोडीचे. त्यात ताऱ्यांना जन्म देणारा थंड वायू दिसला.

या जन्मसोहळ्याला दुसरी बाजू आहे. नवजात मोठे तारे इतके प्रखर असतात की, भोवतीचा उरलेला वायू ते उडवून लावतात, आणि गुच्छाला बांधून ठेवणारा भारच कमी होतो. दहांपैकी सुमारे नऊ गुच्छ पहिल्या कोटभर वर्षांतच विस्कटतात. जे अतिशय दाट असतात ते टिकतात आणि पुढे अब्जावधी वर्षे गोलाकार तारकागुच्छ म्हणून नांदू शकतात.

आम्ही पाहत होतो तो प्रकाश साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी निघालेला. साधारण त्याच युगात आमच्या पायाखालचा माळवा लाव्हारसाखाली होता. त्याच खडकाची ही काळी माती. म्हणजे दिसणाऱ्या गुच्छांपैकी बहुतेक आज विखुरलेही असतील.

आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “विखुरले म्हणजे गेले कुठे?”

“गेले नाहीत,” स्नेही म्हणाले. “त्याच दीर्घिकेत मिसळून राहतात. तारा तोच असतो, फक्त घराणे ओळखू येत नाही. आपला सूर्यसुद्धा अशाच एखाद्या विखुरलेल्या गुच्छातला असावा.”

वाचकहो, आमच्या वाड्यात एकेकाळी चाळीस मुली फेर धरीत. वाडा गेला, मुली नागपूर, बंगळूर, अमेरिकेला पांगल्या, नातवंडे आपसांत हिंदी बोलतात. हादगा बंद होऊन पंधरा वर्षे झाली. आम्ही त्याविषयी घरात बोलत नाही, आत्यांना लागते.

परतताना गाडीत आमच्या धाकटीने विचारले, “आत्याआजी, वो हाथवाले तारे का नाम क्या था?”

“हस्त,” आत्या म्हणाल्या. “म्हण पाहू.”

ती म्हणाली. सांवेर मागे पडले, इंदूरचे दिवे दिसू लागले, तेव्हा आत्यांनी आम्हांला बजावले, “यंदा आश्विनात पाट काढायचा. चौघी आल्या तरी पुरे.”

पाट माळ्यावर आहे. हत्तीची एक सोंड उडाली आहे, पण तो आम्ही खाली काढून ठेवला आहे.