पेडण्याचे घर आणि मोरजीची वाळू

यंदा पवित्र सप्ताहाच्या बुधवारी आम्ही सहकुटुंब मुंबईहून आमच्या मूळ गावी, गोव्याच्या पेडणे तालुक्यात गेलो. आमच्या वडिलांच्या तरुणपणी हा प्रवास आगबोटीने पणजीपर्यंत आणि पुढे शिवोलीहून होडीने शापोरा नदी ओलांडून होत असे. आता नदीवर पूल आहे. १९९८ साली मुंबईपासून थेट सुरू झालेल्या कोकण रेल्वेने रात्री निघावे आणि सकाळी पेडणे स्थानकावर उतरावे. २०२३ च्या जानेवारीपासून तर याच तालुक्यातील मोपाच्या पठारावरून विमानेही उडू लागली आहेत. वाट सोपी झाली, तथापि त्या वाटेने घरी जाणारी माणसे मात्र विरळ झाली. आम्ही स्वतः सात वर्षांनी जात होतो, आणि खरे सांगावयाचे तर केवळ सणासाठी जात नव्हतो. आमच्या पिशवीत घर विकण्याचे कागद होते.

विमानतळ झाल्यापासून या किनाऱ्यावरील जमिनीस मोठा भाव आला आहे. आमच्या आजोबांच्या कौलारू घरास व भोवतीच्या माडांस गिऱ्हाईक चालून आले होते. गोव्याच्या कायद्याप्रमाणे आईबापांच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच असतो. म्हणून सर्व वारसांच्या सह्या हव्यात. आमच्या भावंडांच्या झाल्या होत्या. राहिली होती ती आमच्या अविवाहित आत्याची. वय वर्षे एक्याऐंशी, आणि त्या घरात राहणारी ती एकटीच. तिची सही आणण्याचे काम सर्वांनी आमच्यावर सोपविले होते.

“आयलो रे पुता!” आत्याने ओसरीवरूनच हाक दिली, आणि आमच्या केसांवरून असा हात फिरविला की आमचे पन्नाशी उलटलेले वय आम्हीच क्षणभर विसरलो. विहिरीचे पाणी, चुलीवरची पेज, सुक्या बांगड्याचा खमंग वास, पहाटे सायकलचा भोंगा वाजवीत येणारा पोदेर, सारे जागच्या जागी होते. फक्त माजघराच्या छपराखाली दोन घमेली ठेवलेली दिसली. मागल्या पावसाळ्यापासून ती तेथेच होती.

पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. पेडणे तर १७८८ साली. त्यामुळे साष्टी-बारदेशाप्रमाणे येथे ख्रिस्ती वस्ती दाट नाही. आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घरे मोजकीच, आणि सभोवार हिंदू शेजारी. कोजागिरीस पेडण्याची पुनव पाहावयास आमची आजी जात असे, आणि आमच्या खुरसाच्या लादाईनीस शेजारीण आपल्या परसातील अबोलीचे वळेसर आणून देत असे. या वेळी पुनरुत्थानाच्या रविवारी मिस्साहून परतलो, तो त्याच शेजारणीची सून काजूची ताजी बोंडे भरलेली टोपली घेऊन ओसरीवर बसलेली. आत्याच्या औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ आहेत, हेही आम्हांस त्या दिवशी कळले. आम्हांस स्वतःस त्या ठाऊक नव्हत्या.

सोमवारी मुलांना तेरेखोलास नेले. केरीपाशी फेरीबोटीत बसून नदी ओलांडली की समोर टेकडीवर किल्ला. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. आत संत अंतोनचे लहानसे देऊळ आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. त्यांचे पुढारी आल्फ्रेड आफोन्सो हे आपल्यापैकीच एक ख्रिस्ती गोमंतकीय. ज्या किल्ल्यासाठी इतक्या जणांनी जीव धोक्यात घातला, त्याच्या तटावरून मुले समुद्र पाहात होती, आणि आमच्या मनात पिशवीतील कागद सळसळत होते.

मंगळवारी डिचोलीस आजोळी गेलो. वाटेवर मयेचे तळे लागले. काठच्या तारेवर निळाभोर खंड्या टपून बसला होता. धाकट्याने तो पाण्यात सूर मारताना पाहिला आणि दिवसभर दुसरे काही बोलला नाही. डिचोलीची कथा मात्र इतकी सोज्ज्वळ नाही. लोहखनिजाच्या खाणींनी या तालुक्यास पैसा दिला, आणि लाल धूळही दिली. पावसाबरोबर खाणीची माती वाहून येऊन खालची भातशेते भरली. मग २०१२ साली खाणी बंद झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पट्टे रद्द केले. आमच्या मामेभावाने कर्ज काढून खनिजाचा ट्रक घेतला होता; तो अंगणात गंजत राहिला. आता लिलावाने दिलेल्या काही खाणी परत चालू झाल्या आहेत. मामा म्हणाले, “खाण चालली तेव्हा शेत गेले, खाण थांबली तेव्हा भाकर गेली. ज्याने शेत सांभाळून ठेवले, तोच काय तो दोन्ही वेळा उभा राहिला.” त्यावर आम्ही काही बोललो नाही.

बुधवारी संध्याकाळी आत्याच म्हणाली, “चला, मुलांना कासवे दाखवू.” मोरजीचा किनारा आमच्या घरापासून फार लांब नाही. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासविणी येथे रात्री किनाऱ्यावर चढतात, वाळूत हातभर खोल खळगा करून शंभरएक अंडी घालतात आणि खळगा बुजवून पाण्यात परततात. पन्नासएक दिवसांनी पिले बाहेर येतात. १९९० नंतरच्या दशकात वनखात्याने गावकऱ्यांना हाताशी धरून येथे या घरट्यांभोवती कुंपणे घातली आणि पहारा ठेवला. तो आजही चालतो.

“आमच्या लहानपणी,” आत्या वाळूवर बसत म्हणाली, “ही अंडी आम्ही उकडून खात होतो हो. बाजारात विकीतही होतो. पाप आहे असे कोणाला वाटलेच नाही.” पहारेकरी हसला. त्याचे वडीलही अंडी काढावयास जात असत, आणि आता मुलगा तीच अंडी राखतो.

अंधार पडल्यावर कुंपणातील वाळू हलली. प्रथम एक काळे डोके, मग दुसरे, मग सारी वाळूच जणू जिवंत झाली. पहारेकऱ्याने आम्हांस दिवे बंद करावयास सांगितले. कारण ही पिले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात, आणि किनाऱ्यावरील हॉटेलांचे दिवे त्यांना उलट्या वाटेस लावतात. हजारांतून एखादेच पिलू मोठे होते. पण मादी वाचली, तर बऱ्याच वर्षांनी हजारो मैल भटकून ती जन्मभूमीच्या किनाऱ्याकडेच अंडी घालावयास परत येते, असे शास्त्रज्ञ सांगतात. आमच्या मुलीने अंधारात विचारले, “आणि परत येईल तेव्हा इथे वाळूच नसली तर?” कोणीच उत्तर दिले नाही.

त्या रात्री रोझरी झाल्यावर आम्ही कागद आत्यापुढे ठेवले. लपविणे बरे नव्हते. तिने चष्मा लावून सर्व सह्या एकेक करून पाहिल्या, नावे वाचली आणि म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी ठरविले असेल तर मी आडवी येणार नाही. सही करीन. पण एक सांग, घमेल्यांत पाणी पडते म्हणून विकता, की येणे होत नाही म्हणून?”

छपराची गळती हे कारण आम्हीच पत्रांतून पुढे केले होते. खरे कारण दुसरे होते, आणि ते आत्याने एका वाक्यात उघडे केले. आम्ही कागद परत पिशवीत ठेवले.

वाचकहो, घर राहिले असे आम्ही अजून म्हणू शकत नाही. भावंडांची मने वळवावयाची आहेत, आणि त्यांच्या गरजाही खोट्या नाहीत. परंतु गुरुवारी निघण्यापूर्वी सुतारास बोलावून कौले परतण्याचे व दोन वासे बदलण्याचे पैसे देऊन आलो, आणि आत्याच्या औषधांच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. पावसाळ्यापूर्वी ते काम उरकेल. नाताळात पुन्हा जावयाचे मुलांनी आताच ठरविले आहे. त्या सुमारास कासविणीही येऊ लागतात.

ज्यांची वडीलधारी माणसे गावच्या ओसरीवर वाट पाहात बसली आहेत, त्यांनी जमीन विकावी की राखावी, हे आम्ही कोण सांगणार? कागद हाती घेण्यापूर्वी एकदा घरी मात्र जाऊन यावे, एवढीच विनंती. गावाकडे वळणाऱ्या प्रत्येक पावलास प्रभू आशीर्वाद देवो.