मॅनिफोल्डचं पॅकिंग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी काम शिकलो, तेव्हा एक्झॉस्टचं पॅकिंग मिस्त्री हातानेच कापायचे. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या हेडला जोडलेला, धूर बाहेर नेणारा नळ्यांचा भाग. त्याच्या फेसवर, म्हणजे जोडाच्या सपाट बाजूवर, ॲस्बेस्टॉसची शीट धरायची आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जायचं. लोखंडाच्या धारेवर शीट बरोबर मापात तुटायची. उडालेली भुकटी आम्ही तोंडाने फुंकून टाकायचो. तिच्यामुळे कर्करोग होतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आलो आणि हातात स्टीलच्या थरांचं पॅकिंग आलं. समोर उभ्या राहायच्या त्या वाळूत चढवलेल्या लँड क्रूझर नि निसान पॅट्रोल. मऊ वाळूत गाडी सावकाश चढते, इंजिन मात्र सगळा जोर लावतं. वारा पुरेसा लागत नाही नि मॅनिफोल्ड भयंकर तापतो.

पुष्कळ गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. प्रत्येक वेळी तापताना-निवताना दोन्ही फेस एकमेकांवर सरकतात. हे सरकणं सोसत वायू अडवून धरायचा, हे पॅकिंगचं काम. कालांतराने मॅनिफोल्ड वाकतो, टोकाचे स्टड तुटतात. अशा वाकड्या फेसवर नवं पॅकिंग घालून काही साधत नाही.

म्हणून आधी जुना कार्बन खरवडायचा, ॲल्युमिनियमवर ओरखडा न उठवता. मग फेसवर सरळ पट्टी उभी धरून मागे बॅटरी लावायची. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली, तर फिलर गेज घालून फट मोजायची. मापाबाहेर असेल, तर मॅनिफोल्ड फेस मारायला मशीनवर पाठवायचा. लाल सिलिकॉन फासून ती फट भरू नये. ते साधारण 300-350 अंशांपर्यंत टिकतं, एक्झॉस्टचा वायू 700 अंशांच्याही वर जातो. शेवटी नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. आज हातात टॉर्क रेंच आहे, पण हा क्रम मिस्त्रींनी साध्या पान्यावर शिकवला होता. धातूला पसरायला वाव ठेवून बसवलेला जोडच टिकतो, असं मी आता खात्रीने सांगतो.

सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर टिकटिक ऐकू आली आणि इंजिन तापल्यावर ती थांबली, तर गाडी बरी झाली असं समजू नका. धातू पसरून फट तात्पुरती मिटलेली असते. त्या फटीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आखातात आपण काचा लावून, एसी चालू ठेवून तासन्‌तास गाडीत बसतो. टिकटिक ऐकलीत, की त्याच आठवड्यात मॅनिफोल्ड उघडून घ्या.