आंबा घाट आणि आमचा ब्रेक

कोल्हापुराहून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ. कोणी गगनबावड्यावरून उतरतो, कोणी फोंड्यावरून, तर कोणी थेट आंबोली गाठतो. पण रत्नागिरीचा प्रवासी बहुधा आंबा घाटाचाच रस्ता धरतो. पंचगंगा ओलांडून वाघबीळ गाठले, की पन्हाळ्याला जाणारी हौशी गर्दी वळून जाते आणि रस्ता एकदम शांत होतो. पुढे बांबवडे, मग मलकापूर, मग आंबा. १६६० च्या आषाढात शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते याच मुलुखातून. दिवाळीच्या सुमारास या वाटेवर पाऊस नुकताच मागे सरलेला असतो. भाताची खाचरे पिवळी पडू लागतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात.

हा रस्ता मोटारीची परीक्षा घेतो, पण ती पहिल्या पानावर नव्हे. मलकापुरापर्यंत सारी सौम्य चढउतार. आंबा गाव मागे पडले, की सह्याद्रीची कडा एकदम पायाखालून निसटते आणि साखरप्यापर्यंत उतारच उतार. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. अशा ठिकाणी इंजिन रुसले तर चालते. ब्रेक रुसून चालत नाही.

आमची मोटार म्हणजे वडिलांच्या वेळची फियाट. मुंबईच्या रस्त्यांवरून फियाट टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. आमच्या घरात मात्र ती अजून नोकरीत आहे. आईला कोकणातले घर दाखवून आणायचे, म्हणून दिवाळीपूर्वी गाडीचा ब्रेक नव्याने करून घेतला होता. मास्टर सिलिंडर नवा, चारही चाकांचे सिलिंडर नवे, लायनर नवे, ड्रमसुद्धा लेथवर साफ करून आणलेले. कारखानदाराने तीनदा हवा काढली आणि "आता बघायला नको" असे सांगून बिल हातात ठेवले.

बांबवड्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पाय निम्म्याहून खाली गेल्यावर! लगेच दुसऱ्यांदा दाबला, तर पेडल वरच लागले. मागे आई, शेजारी सौभाग्यवती, खिडकीशी कॉलेजात जाणारी लेक. सपाटीवर हे निभावले. घाटात दुसऱ्यांदा दाबायला सवड मिळतेच असे नाही. मी मलकापुरात गाडी थांबवायची ठरवली. सौभाग्यवती म्हणाली, "थांबवा खुशाल. घाट कुठं पळून जातोय?"

मलकापुरात रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये साठीचे एक मिस्त्री भेटले. त्यांनी हातात पाना घेतला नाही. आधी गाडीत बसले, इंजिन बंद ठेवून पेडल दाबले, सोडले, पुन्हा दाबले आणि मग तसेच मिनिटभर दाबून धरले.

"सर, ब्रेक तीन तऱ्हेनं बोलतोय बघा," ते म्हणाले. "पायाखाली स्पंजावानी लागला, तर हवा. पहिल्यांदा खाली गेला आन् दुसऱ्यांदा वर आला, तर लायनर ड्रमापासनं लांब हाईत. आन् पाय ठेवल्यावर हळूहळू बुडत गेला, तर कुठंतरी गळतंय, न्हाईतर मास्टरच्या आतला वॉशर सोडतोय."

वर्गात मी विद्यार्थ्यांना लक्षणा आणि व्यंजना शिकवतो. पायाखालच्या पेडलालाही वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असतो, हे मात्र त्या दिवशी कळले.

त्यामागचे शास्त्र सतराव्या शतकातल्या पास्कलचे आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सर्वत्र सारखा पोचतो. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर तेलाला ढकलतो, तेल चाकांतल्या सिलिंडरांना ढकलते आणि लायनर ड्रमला जाऊन भिडतात. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर त्यालाच चेपण्यात जातो. पण लायनर मुळातच ड्रमापासून दूर असतील, तर पहिला दाब ते अंतर तोडण्यातच संपतो. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत ते जवळ आलेले असतात, म्हणून पेडल वर लागते. आमचे दुखणे हेच. तीनदा काय, तेरा वेळा हवा काढली असती तरी ते गेले नसते.

मिस्त्रींनी चाक काढून ड्रम उतरवला. नव्या लायनरवर फक्त मधोमध चमक होती. ड्रम लेथवर कापला, की त्याची गोलाई किंचित मोठी होते; नवा लायनर जुन्या मापाचा, म्हणून तो मध्येच टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. त्यांनी चमकलेला भाग कानशीने हलकेच घासला. लायनर ड्रमला अधिक अंगाने टेकू लागल्यावर समायोजनाचा बोल्ट चाक अडेपर्यंत फिरवला आणि चाक मोकळे होईपर्यंतच मागे घेतला. चारही चाकांना तसेच केले. पेडल दोन बोटे वर आले.

तरी शेवटी थोडी लवचीक राहिलीच. मग लेकीला पेडल दाबायला बसवून मिस्त्री गाडीखाली शिरले आणि पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी होज पाइप एकेक करून चिमटीत धरले. डाव्या बाजूचा होज दाबाबरोबर बोटांखाली फुगत होता. सगळे नवे झाले होते; हा तेवढा जुना राहिला होता. बाहेरून धडधाकट दिसणारे रबर आतून सैल झाले, की तेलाचा दाब चाकापर्यंत पोचण्याऐवजी नळी फुगवण्यात खर्च होतो.

फियाटचा होज मलकापुरात कुठून मिळणार? मिस्त्रींच्या मुलाने मोटारसायकल काढली आणि तो कोल्हापूरला गेला. त्या अडीच तासांत आम्ही बाजार पाहिला, दोनदा चहा घेतला, डब्यातल्या दशम्या संपवल्या. मिस्त्री म्हणाले, "सर, नवीन सामान घातलं म्हंजे झालं असं न्हाई. नव्याची आन् जुन्याची गाठ घालून द्यावी लागती." माणसांच्या घरातही नवी सून आली की जुन्या भांड्यांच्या जागा बदलतात, गाडीचे त्याहून वेगळे काय सांगावे!

होज बदलल्यावर हवा काढणे आलेच. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी, जवळचे शेवटी. चाकाच्या निपलाला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या तेलात. "दाब... धर... सोड," मिस्त्री खालून सांगत होते आणि लेक वरून दाबत होती. पेडल दाबलेले असतानाच निपल ढिले करायचे आणि पाय उचलण्यापूर्वी घट्ट. नाहीतर बाहेरची हवा आत शिरते. मधूनमधून वरच्या डबीत तेल भरायचे. तेही सीलबंद डब्यातले, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते. डॉट ३ जातीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ती मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात ब्रेक तापतात तेव्हा हा फरक जीवावर बेततो: तेल उकळले, की नळीत वाफ होते आणि घट्ट पेडल ऐन उतारावर पोकळ पडते.

सपाट रस्त्यावर दहा वेळा ब्रेक मारून पाहिला. पेडल प्रत्येक वेळी त्याच उंचीवर लागले. मग इंजिन बंद करून मिनिटभर दाबून धरले. ते जागचे हलले नाही.

तिसऱ्या प्रहरी आंब्याहून खाली उतरू लागलो. दुसरा गिअर टाकला आणि शेवटपर्यंत तोच ठेवला. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापून फुगतात, लायनरपासून दूर जातात आणि पेडल पुन्हा खोल जाऊ लागते. म्हणून गाडीचे ओझे इंजिनाने पेलायचे आणि ब्रेक वळणापुरता मोजका वापरायचा. एका वळणावर खालचे कोकण निळ्या धुरासारखे दिसले. गायमुखापाशी उतरून चाकांजवळ हात नेला. उबदार, पण चारही सारखीच.

साखरप्याला काजळी नदीकाठी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. घाटभर डोळे मिटून बसलेल्या आईने ते उघडले आणि विचारले, "अरे, मलकापुरात इतका वेळ काय करत होतास? घरी पोचेस्तोवर दिवेलागण होईल."

"होऊ दे," मी म्हटले, आणि गाडी पालीच्या रस्त्याला घातली.