भंगारात गेलेला फोटो

आमचा स्वतःचा स्टुडिओ कधी झाला नाही. चाकूरला गाळा भाड्याने घेण्याइतका पैसा कधी साठला नाही. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, खिशात पावतीपुस्तक आणि बोलावणे येईल तिथे जायचे, असा धंदा आम्ही वीस-बावीस वर्षे केला. लग्ने, बारशी, वाढदिवसाच्या पार्ट्या, गायनपार्टीचे कार्यक्रम, आपल्याकडचे मंगल परिणय, कधी लातूरला एखाद्या चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन, सगळीकडे फ्लॅश मारला. या धंद्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती समाजबांधवांना आणि भगिनींना सांगावी, म्हणून हे लिहीत आहोत.

त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे. पार्टीवाल्यांना रंगीत फोटो लागत. रंगीत रोल लातूरच्या लॅबमध्ये धुवायला टाकायचा, पुन्हा एसटीने जाऊन फोटो आणायचे. तो सगळा खर्च गिऱ्हाईक देई. आपल्या जयंतीला मात्र फोटोसाठी इसार देणारे कुणी नसे. वर्गणी मंडप, लाइट आणि भोजनदानात संपून जायची. तिथे आम्ही पदरचा कृष्णधवल रोल घालायचो. तो स्वस्त पडे आणि घरीच धुता येई. खिडकीला गोधडी बांधायची, अंधारात रोल डबीत भरायचा, आधी डेव्हलपर, मग हायपो. आमच्या सहचारिणी घड्याळ बघून मिनिटे मोजायच्या. वाळत घातलेल्या निगेटिव्हला लेकरांचा हात लागू नये म्हणून पहाराही त्याच करायच्या.

पार्ट्यांमध्ये आम्ही माणसे जवळून पाहिली. एका बड्या घरी लेकराचा वाढदिवस होता. केक कापेपर्यंत "फोटोग्राफरसाहेब, इकडून घ्या, तिकडून घ्या" असे चालले होते. मग घरातल्या एका वडीलधाऱ्याने आमचे आडनाव विचारले. आम्ही सांगितले. आत सगळ्यांना स्टीलची ताटे होती. आमचे जेवण बाहेर ओट्यावर आले, पत्रावळीवर. आम्ही जेवलो नाही, भांडलोही नाही. रोलमध्ये अकरा फोटो उरले होते, तेवढे पुरे केले आणि निघालो. काम मात्र चोख केले. घरी आल्यावर सहचारिणींनी विचारले, "जेवून आलात का?" आम्ही हो म्हणालो. त्यांना काय कळायचे ते कळले. त्यांनी मुकाट्याने भाकरी वाढली.

लातूरच्या एका प्रदर्शनात भिंतीवर चित्रे होती ती डोक्यावर घागर घेतलेल्या बायांची, खडी फोडणाऱ्या मजुरांची. आम्हाला बजावण्यात आले होते की फीत कापणारे पाहुणे नीट आले पाहिजेत, बाकी रोल वाया घालवू नका. हॉल झाडून, सतरंज्या टाकून दोन बाया दाराशी उभ्या होत्या. अगदी त्या चित्रांतल्यासारख्याच. चित्रात त्यांना जागा होती, आमच्या फोटोत नव्हती. आम्हीही सांगितले तेवढेच काम केले आणि परत आलो.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती १९९४ सालच्या जयंतीची आहे.

त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला परमपूज्य बाबासाहेबांचे नाव लागले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात ठराव झाला, तेव्हापासून साडेपंधरा वर्षे समाजाने काय सोसले, ते नांदेड-लातूरकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून आपला जिल्हा अजून सावरत होता. इतक्या दुःखानंतर आलेली ती जयंती होती. खेड्यापाड्यांतून माणसे पायी आली होती.

रात्री गायनपार्टीचा कार्यक्रम रंगला. हार्मोनियम, ढोलकी, मागे जनरेटरचा आवाज. वामनदादा कर्डकांचे गाणे सुरू झाले की म्हाताऱ्या बायासुद्धा टाळ्यांचा ठेका धरत होत्या. तेवढ्यात एक आजी स्टेजजवळ आल्या. कडेवर तीनेक वर्षांचा नातू.

"लेकरा, माजा बी एक फोटो काढ की रं. बाबासाहेबाच्या बाजूला हुबी ऱ्हाते."

रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. आम्ही आजींना उभे केले. त्यांनी डोईवर पदर घेतला, नातवाचे नाक पुसले आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाबासाहेबांच्या प्रतिमेकडे बघू लागल्या.

"आजी, इकडं बघा."

"तू काढ. मी बराबर बघायलेय."

आम्ही बटण दाबले. त्यांनी पैसे विचारले. आम्ही म्हणालो, "जयंतीचे पैसे घेत नाही आजी. चाकूरला आलात की फोटो घेऊन जा." पण पोटामागे फिरणारी माणसे, त्या आल्या नाहीत. कुणी मागितल्याशिवाय आम्ही कागद खर्च करत नव्हतो, म्हणून फोटो काही निघाला नाही. निगेटिव्ह पाकिटात गेली. पाकिटावर लिहिले, जयंती १९९४.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. २००७ साली पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलायला काढले आणि निगेटिव्हची पिशवी खाली आली. भंगारवाला दारात होता. तो एक्सरेच्या फिल्म आणि जुन्या निगेटिव्ह किलोवर घेत होता. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी राहते. रंगीत निगेटिव्ह धुताना ती निघून जाते. त्याने एकेक पट्टी उजेडात धरली, कृष्णधवल तेवढ्या पोत्यात भरल्या आणि रंगीत आमच्याकडे परत टाकल्या. आलेल्या पैशात दोन पत्रे झाले. आम्हाला तो व्यवहार बरा वाटला.

२००९ साली सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा घर विचारत आला. "जयभीम काका. माझी आजी गेली. पुण्यानुमोदनाला ठेवायला तिचा एकही फोटो नाही. ती सांगायची, चाकूरच्या फोटोवाल्यानं बाबासाहेबांशेजारी काढलाय म्हणून. तिच्या कडेवर मीच होतो."

आम्ही पिशवी त्याच्यापुढे उलटी केली. त्याने एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. केक होते, रिसेप्शनच्या खुर्च्या होत्या, फीत कापणारे पाहुणे होते. ज्या घराने आम्हाला ओट्यावर जेवण दिले, त्यांचेही फोटो शाबूत होते. आमच्या पैशाने काढलेली आमची माणसे तेवढी नव्हती. आम्ही त्याला खरे ते सांगितले. तो काही वाईट बोलला नाही. पट्ट्या पुन्हा नीट पिशवीत भरून दिल्या आणि गेला.

पुण्यानुमोदनाला आम्ही दोघे गेलो. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी एक पाटी ठेवली होती. तिच्यावर आजींचे नाव लिहिले होते. आम्ही त्या नावाला फुले वाहिली. त्या दिवशी कॅमेरा नेण्याची हिंमत झाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे फोटो आपण पाहतो. त्या लाखोंच्या समुदायात आपले आजे-पणजे होते, पण ते ओळखायचे कसे? आपल्या माणसांचा फोटो आपण काढला नाही, जपला नाही, तर दुसरे कोण करणार? अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर कॅमेरा धरला, त्यांची प्रदर्शने भरवली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेरा कुणाकडे वळवायचा, हे त्यांना कळले होते.

आता प्रत्येक हातात मोबाइल आहे. पण मोबाइल पडला, बिघडला की त्यातले फोटोही जातात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा निदान एक फोटो कागदावर काढून आणा. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. ओल येणाऱ्या भिंतीला तो टांगू नका. येत्या १४ एप्रिलला स्टेजवरच्या पाहुण्यांबरोबर भाकरी थापणाऱ्या, मंडप बांधणाऱ्या, सतरंज्या झाडणाऱ्या माणसांचेही फोटो घ्या.

आणि एक विनंती. १९९४ सालच्या चाकूरच्या जयंतीचा फोटो कुणाच्या घरी असेल, तर गर्दीत नीट बघा. डोईवर पदर, कडेवर लेकरू आणि नजर बाबासाहेबांकडे, अशी एखादी आजी दिसली तर आम्हाला कळवा. तो फोटो त्या घरी आम्ही स्वतः पोचवू.

जयभीम!