पाषाणवृक्षाचे बारसे

कोकणातील मुलाला माड, पोफळ, ताड आणि शिंदी यांतील भेद पुस्तकातून शिकवावा लागत नाही. झाड दुरून दिसले, की त्याचे नाव ओठांवर येते. एवढेच नव्हे, तर एकाच माडाच्या निरनिराळ्या अंगांसाठी त्याच्याजवळ निरनिराळी नावे असतात. पान ती झावळी, फुलोरा ती पोय, कोवळे फळ ते शहाळे आणि फळाचे कठीण कवच ती करवंटी. नावे अनेक असली, तरी झाड एकच आहे याविषयी त्याला शंका नसते. कारण ते सबंध झाड त्याच्या अंगणात उभे असते.

परंतु जे झाड उभे असलेले कोणाही मनुष्याने कधी पाहिले नाही, त्याला नाव कसे द्यावे? खोडाचा तुकडा एका शेतात, पानाचा ठसा दुसऱ्या गावच्या खडकात आणि फळ तिसऱ्याच ठिकाणी सापडावे, आणि ते सारे दगड झालेले असावे! जीवाश्मांच्या अभ्यासकापुढे नेहमी असाच प्रसंग उभा राहतो.

सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर तप्त लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. दोन थरांच्या मधल्या शांत काळात तेथे तळी साचत, झाडे वाढत. उन्मळून पडलेली खोडे त्या तळ्यांच्या गाळात रुतत. पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशीपेशींत झिरपे आणि हळूहळू लाकडाचा दगड होई. पुढे नवा लाव्हारस येऊन सर्व काही झाकून टाकी. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे आणि महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात नवरगाव येथे अशी पाषाणखोडे सापडली आहेत.

हे खोड ताडमाडांच्या कुळातील आहे, हे ओळखणे त्या मानाने सोपे असते. सागाचे खोड आडवे कापले, की त्यात वर्तुळे दिसतात. माडाच्या खोडात वर्तुळे नसतात. असंख्य ठिपके विखुरलेले असतात. पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकांचे ते जुडगे होत. दगड झालेल्या खोडाचा पातळ काप काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईपर्यंत घासला, तर सूक्ष्मदर्शकाखाली ते जुडगे आजही स्पष्ट दिसतात.

मात्र हे खोड माडाचे, ताडाचे, की एखाद्या नामशेष झालेल्या वृक्षाचे, हे सांगणे फार कठीण. एकाच खोडात कडेचे ठिपके दाट व मधले विरळ असू शकतात. बुंध्यापाशी ते एक रूप दाखवितात, तर शेंड्याजवळ दुसरे. एका झाडाचे दोन तुकडे दोन निराळ्या जातींचे वाटावेत, असाही संभव असतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी एक सावध रीत स्वीकारली. 1882 साली शेंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा खोडांना ‘पामोक्सिलॉन’ हे नाव दिले. त्याचा अर्थ एवढाच, की ‘ताडमाडांच्या कुळातील लाकूड’. तशाच प्रकारे मुळांना ‘ऱ्हायझोपामोक्सिलॉन’, फळांना ‘पामोकार्पॉन’ अशी स्वतंत्र नावे मिळाली. एकाच झाडाला कदाचित तीनचार नावे पडतील, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण हाती जेवढा पुरावा, तेवढेच नाव, हा त्यांचा नियम होता.

भारतीय शास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी हा नियम किती निष्ठेने पाळला, ते एका उदाहरणावरून दिसते. दख्खनच्या या खडकांतील एक सुरेख खोड त्यांनी अभ्यासिले. त्याची रचना नारळाच्या खोडाशी फार जुळत होती. 1946 साली त्यांनी त्याला ‘पामोक्सिलॉन (कोकस) सुंदरम्’ असे नाव दिले. कोकस म्हणजे नारळ. तो शब्द त्यांनी कंसात ठेवला. केवळ खोडाच्या साम्यावरून त्यांनी ते झाड सरळ नारळाच्या नावावर चढविले नाही.

एवढी काटेकोर वृत्ती कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मोहगाव कलान येथे सापडलेल्या एका फळात आहे. त्या फळाची जडणघडण आजच्या निपा या पाणताडाच्या फळाशी इतकी जुळली, की अभ्यासकांनी त्याला ‘निपा हिंदी’ असे जिवंत वनस्पतीचेच नाव दिले. निपा वाढतो तो भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या खाडीच्या चिखलात. भारतात तो सुंदरबनात आणि अंदमानात आढळतो. आज मोहगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्या फळाला निपा म्हणताच असे अनुमान निघाले, की त्या प्राचीन काळी समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात जवळपास आला असावा. नाव चुकले असते, तर नसलेला समुद्र नकाशावर काढला गेला असता! नावाचा भार असा मोठा असतो.

10 एप्रिल 1949 रोजी साहनींचे निधन झाले. त्याआधी अवघा एक आठवडा लखनौ येथे त्यांच्या संस्थेची कोनशिला बसविण्यात आली होती. त्या शिलेतही जीवाश्म बसविलेले आहेत. ताडमाडांच्या जीवाश्मांवरील त्यांचे लेखन पुढे 1964 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला अडखळून असा दगड वर येईल, की ज्यात खोडालाच फळाचा घड लागलेला असेल. त्या दिवशी दोन नावांच्या वस्तू एकाच झाडाच्या ठरतील आणि नियमाप्रमाणे सामान्यतः जे नाव आधी दिलेले, ते टिकेल. तोपर्यंत खोड खोडाच्या नावाने आणि फळ फळाच्या नावाने ओळखले जाईल. जे पाहिले तेवढेच सांगावे आणि उरलेल्यासाठी कंस मोकळा ठेवावा, ही शिकवण त्या पाषाणांच्या नावांत कोरलेली आहे.